सुभेदारांच्या जीपचा क्लच

गिअर असा करकरला, की झोळीतली माझी सोनल दचकून रडायला लागली.

"मोडलीस?" मामंजींनी ओसरीवरून विचारलं.

"नाही मामंजी. पडत नाहीये."

"आधी क्लच दाब. क्लच."

"दाबलाय."

"दाबला असता तर पडला असता."

मी पाय पार तळाला टेकवला आणि गिअरचा दांडा पुन्हा पुढं ढकलला. परत तीच करकर, खडीवरून पत्रा ओढल्यासारखी. मी इंजिन बंद केलं. अंगण एकदम गप्प झालं, नुसतं सोनलचं रडणं तेवढं राहिलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, डब्यांची पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. ठेवणीतली इरकल नेसलेल्या, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मामंजींकडं बघितलं, आणि पिशवी हळूच उंबऱ्यावर ठेवली.

माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं होत आली होती, आणि त्या जीपच्या स्टिअरिंगमागं मी पहिल्यांदाच बसले होते. मामंजी म्हणजे सुभेदार रवळोजी गावडे. फौजेतली सगळी नोकरी गाड्यांवर काढलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी लष्कराच्या लिलावातून ही जीप घेतली, तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतलं आणि तिच्यावर जीव टाकला. आमची हेरेवाडी चंदगडच्या अंगाला, जंगलाला लागून. गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत दगडधोंड्यांची गाडीवाट, मध्ये ओढा. जिथं बैलगाडी रुतायची तिथून मामंजी जीप काढायचे. अडलेल्या बायका, तापानं फणफणलेली पोरं, निवडणुकीच्या पेट्या, गणपतीसुद्धा त्या जीपनं वाहिले होते. पण चालवायचे ते एकटेच. स्वतःच्या मुलालाही त्यांनी कधी तिथं बसू दिलं नव्हतं.

त्या दिवशी मला बसवलं ते नाइलाजानं. माझे यजमान हणमंतराव, तेही फौजेत. त्यांची पलटण दक्षिणेतून थेट आसामकडं निघाली होती, फौजेच्या स्पेशल रेल्वेगाडीनं. आदल्या दिवशी दूध संस्थेच्या फोनवर निरोप आला, की उद्या दुपारनंतर गाडी बेळगावला थोडा वेळ थांबणार आहे, जमलं तर पोरीला घेऊन या. सोनल झाल्यापासून त्यांना रजा मिळाली नव्हती. लेक नुसती पत्रातून माहीत होती. आसामात गेल्यावर पुढची रजा कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि नेमका एसटीचा संप. दुधाचा टेम्पो पहाटेच निघून जायचा. मामंजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळ्यावर हिरवी पट्टी होती. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, गाडी चालवायचं तर नावच नाही. संध्याकाळी जेवताना मी म्हणाले, "मी चालवीन."

"तुला येती?" मामंजींनी विचारलं.

"येती. बापूंच्या गॅरेजात शिकले."

माझ्या वडिलांचं गडहिंग्लजला ट्रक-ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं, हे सासरी माहीत होतं. शाळेतून आल्यावर मी दप्तर टाकून तिथंच असायचे, पाने ओळखायला अक्षरांच्या आधी शिकले, हे मात्र लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं. शिवणकाम येतं, एवढंच सांगितलं होतं. मामंजी बराच वेळ भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "ओढ्यात उतरताना दुसरा टाकायचा." तीच परवानगी.

आणि सकाळी ही करकर.

"उतर," मामंजी म्हणाले. "राहू दे. गिअरपेटीचे दात गेले तर बेळगावही राहील आणि गाडीही जाईल."

उतरायला हवं होतं. पण बापूंची एक सवय माझ्या अंगात होती. गाडी बिघडली की आधी काय चांगलं आहे ते शोधायचं. मी बंद गाडीत दांडा हलवून बघितला. पहिला पडला. दुसरा, तिसरा, मागचाही पडला, अगदी अलगद.

"मामंजी, इंजिन बंद असताना सगळे पडतायत."

"बरं मग?"

"मग पेटी चांगली आहे. क्लच सुटत नाहीये."

मामंजींनी डोळ्यावरची पट्टी सारखी केली. गाड्यांवर त्यांचा जन्म गेलेला, हे त्यांना माझ्या आधी कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. पण चूक सुनेच्या पायाची नाही, गाडीची आहे, हे मान्य करायला त्यांना थोडा वेळ लागत होता.

मी जीपखाली वाकून बघायला लागले, तेवढ्यात कुणीतरी माझ्या खांद्यावर कपडे टाकले. आत्याबाईंनी हणमंतरावांची जुनी खाकी पँट आणि बनियन आणलं होतं.

"साडी खराब करू नको," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला भेटायचंय तुला."

मी पँट चढवून बाहेर आले, तेव्हा पलीकडच्या खळ्यावर भात झोडपणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. आत्याबाईंनी त्यांच्याकडं असं काही पाहिलं, की झोडपणी परत सुरू झाली.

आमच्या जीपचा क्लच तेलावर चालणारा होता. पायाशी वरचा सिलिंडर, गिअरपेटीजवळ खालचा सिलिंडर, दोघांच्या मध्ये नळी. पेडल दाबलं की वरचं तेल खाली रेटलं जातं, खालचा सिलिंडर एक दांडी ढकलतो, आणि इंजिन गिअरपेटीपासून सुटतं. तेव्हा बघायचं एवढंच, की ती दांडी पुरती पुढं येते का. पण मी खाली झोपल्यावर पेडल कोण दाबणार?

"मामंजींना पाय जोरात रेटायचा नाही," मी म्हणाले. "आत्याबाई, तुम्ही बसता?"

"मी?" आत्याबाई म्हणाल्या. "तिथं?"

त्यांनी मामंजींकडं बघितलं. त्या घरात येऊन त्यांचे केस पांढरे झाले होते, पण जीपच्या त्या बाजूनं त्या कधी चढल्या नव्हत्या. मामंजी दुसरीकडं बघत म्हणाले, "चप्पल काढून बस. पेडल घसरतं."

आत्याबाई बसल्या. पाय पोचेना, तेव्हा सीटच्या अगदी काठावर सरकल्या आणि स्टिअरिंगला दोन्ही हातांनी असं धरलं, जणू ओढ्याला पूर आलाय आणि हाच एक खांब आहे. सोनल अजून किरकिरत होती. तिची झोळी शेडच्या वाशाला बांधलेली. झोके द्यायला मोकळं माणूस एकच उरलं होतं. मामंजींनी ओसरीवरची खुर्ची स्वतःच झोळीजवळ घेतली आणि दोरी हातात धरली.

मी जीपखाली शिरले. "दाबा, आत्याबाई."

"दाबला."

दांडी नखाएवढी हलली आणि थांबली. इथंच दुखणं होतं. क्लच प्लेट ठीक असणार, तिच्यापर्यंत जोरच पोचत नव्हता.

"सोडा."

"सोडला."

दांडी मागं आली नाही.

"सोडलात ना?"

"अगं पाय काढलाय मी. पेडलच वर येईना."

हे मला जरा चमत्कारिक वाटलं, पण घाई होती. नळीत हवा शिरली असेल, असं मी ठरवलं. हवा दबते, म्हणून जोर मध्येच जिरतो. हवा काढायला खालच्या सिलिंडरवर एक छोटा स्क्रू असतो. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं स्क्रू सैल करायचा, तेलाबरोबर हवा बाहेर येते. स्क्रू आवळायचा, मगच पेडल सोडायचं. एकमेकांचं ऐकलं नाही तर बाहेरची हवा उलट आत जाते. पेडल वर येत नव्हतं, म्हणून आत्याबाई दर वेळी अंगठा खाली घालून ते उचलायच्या.

"दाबा. धरा."

"धरला."

स्क्रू सैल केला. त्याला लावलेल्या नळीच्या तुकड्यातून बाटलीत तेल आलं. बुडबुडा एकही नाही. स्क्रू आवळला. "सोडा. परत दाबा."

असं बरंच चाललं. शेडमधून मामंजींचा आवाज आला, "वरची टाकी बघ. तेल संपलं की सगळी मेहनत फुकट जाईल. फळीवर डावीकडचा डबा ब्रेक ऑइलचा, क्लचलाही तेच लागतं. नीट बघून घे."

फळीवर एकाच मापाचे दोन डबे शेजारी शेजारी होते. उजवा इंजिन ऑइलचा, त्याच्या अंगावर ओघळ आलेले. डाव्याच्या झाकणावर धुळीचा जाड थर, बरेच महिने कुणी हात लावला नसावा. तेव्हा मी त्याचा विचार केला नाही. डबा घेऊन आले आणि टाकीत ओतायला लागले, तर वरून पडणारं तेल फिकट पिवळं आणि आतलं काळपट, चकाकणारं. दोन्ही एकमेकांत मिसळेचनात.

मी बोट बुडवून चोळलं. ब्रेक ऑइल बोटाला पातळ लागतं. हे तर बुळबुळीत होतं.

चुलीजवळून मी पितळी वाटी आणली, तिच्यात पाणी घेतलं आणि बाटलीत गोळा केलेल्या तेलाचा एक थेंब टाकला. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. हा थेंब वरच तरंगत राहिला आणि सगळ्या पाण्यावर रंगीत साय पसरली.

मग मला सगळं उमगलं. क्लचच्या टाकीत कुणीतरी इंजिन ऑइल ओतलं होतं. ते रबराला चालत नाही, रबर फुगतं. सिलिंडरातली रबराची वाटी फुगून तिथंच अडकली होती, म्हणून पेडल वर येत नव्हतं आणि दांडी पुढं जात नव्हती. आणि त्या टाकीचं झाकण उघडणारं माणूस घरात एकच होतं.

मी मान वर केली तर आत्याबाई खाली उतरून माझ्या मागं उभ्या होत्या आणि वाटीत बघत होत्या.

"काय झालं?" त्यांनी हळू विचारलं.

मी वाटी परड्यात ओतून दिली.

आत्याबाईंनी शेडकडं बघितलं. मामंजी झोळीची दोरी ओढत आमच्याकडं पाठ करून बसले होते. "ऑपरेशनच्या आधी," त्या म्हणाल्या, "ह्यांना धड दिसत नव्हतं. मला म्हणायचे, सगळं दिसतंय. ताटातली मिरची वांग्याची फोड समजून खाल्ली, तरी दिसतंयच. त्याच सुमाराला बॉनेट उघडून काहीतरी ओतताना बघितलं होतं मी." त्यांनी माझ्या हातातली रिकामी वाटी घेतली. "सांगणार आहेस त्यांना?"

"काय सांगायचं आत्याबाई? रबर जुनं झालंय."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग इरकलीचा पदर खोचला. "व्हय," त्या म्हणाल्या. "जुनंच झालंय."

पण नवं रबर आणायचं कुठून? चंदगडला दुकान होतं, तिथं जायला गाडी हवी, आणि गाडी तर ही अशी. उन्हं शेडच्या खांबापर्यंत आली होती. मी पाने घेऊन दोन्ही सिलिंडर सोडवायला लागले, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. रबर उलटं घालून चालेल का, कड थोडी घासता येईल का, नाही नाही ते मनात येत होतं. खालचा सिलिंडर सुटला. आतली दांडी ठोकून बाहेर काढली तेव्हा रबर पावसातल्या कुत्र्याच्या छत्रीसारखं फुगून निघालं. घासणं, उलटं घालणं, कशाचाच उपयोग नव्हता.

झोळीची कुरकुर थांबल्याचं माझ्या लक्षात आलं. मामंजी घरात गेले होते. आतून लोखंडी ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

"अवो, ओढू नका काही," आत्याबाई ओरडल्या.

ते बाहेर आले. हातात एक छोटी पुडी, मेणकागदात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी ती पुढं केली. मी सोडली. आत नवी रबरं होती, टाल्कम पावडर लावून ठेवलेली, वरच्या आणि खालच्या, दोन्ही सिलिंडरांची.

मला काय हवंय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. काय बिघडलंय हेही सांगितलं नव्हतं.

"नळी धुवावी लागेल," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "जुन्या तेलाचा अंश राहिला तर हीही जातील. गॅसबत्तीचं स्पिरिट आहे कोनाड्यात."

"हो मामंजी."

"सिलिंडरला आतून पॉलिश कागद मारू नको, चरे पडतील. नुसतं फडक्यानं पूस."

"हो."

त्यांनी पुडीचा दोरा माझ्या हातातून घेऊन बोटाला गुंडाळला. काहीतरी आणखी बोलायचं असावं. मग झोळीकडं गेले.

पुढचं काम हाताला सवयीचं होतं. नळीतून स्पिरिट घातलं, पहिल्यांदा काळं आलं, मग पिवळं, मग स्वच्छ. सिलिंडर पुसले. नव्या रबरांना ब्रेक ऑइलचं बोट लावून ती आत बसवली. आत्याबाई पाने देत होत्या. लहान-मोठ्या पान्यांची नावं त्यांना येत नव्हती, त्यांनी स्वतःचीच ठेवली. "हा पळीएवढा देऊ का तो उलथन्याएवढा?" असं विचारायच्या, आणि द्यायच्या तो बरोबर असायचा.

सगळं जोडून टाकीत फिकट पिवळं तेल भरलं आणि मी परत खाली शिरले.

"दाबा."

"दाबला."

"धरा."

"धरला."

फस्स करून हवा आली, तेलाबरोबर पांढरे बुडबुडे. मी स्क्रू आवळला. "सोडा."

"सोडला. अगं, आला वर. आपला आपण आला."

दाबा, धरा, सोडा. दाबला, धरला, सोडला. काही वेळानं आम्हा दोघींचा तालच जमला. खालून मला शेडमधले मामंजींचे पाय दिसत होते, आणि झोळीची सावली जमिनीवर त्याच तालात मागं-पुढं होत होती. त्यांना ते कळलं होतं की नाही कोण जाणे. सोनल केव्हाच झोपली होती.

बुडबुडे संपले. शेवटच्या दाबाला दांडी पुरती बोटभर पुढं आली आणि तशीच परत गेली.

मी हात पुसून सीटवर बसले. इंजिन सुरू केलं. क्लच दाबला. दांडा पुढं केला आणि पहिला गिअर पडला, करकर नाही, काही नाही. जीप एक हात पुढं सरकली.

खळ्यावरच्या बायकांनी हातातल्या पेंढ्या वर करून हलवल्या. आत्याबाई म्हणाल्या, "साडी नेस आधी, पळ."

बेळगावपर्यंत मामंजी माझ्या शेजारी बसून होते, डोक्याला टॉवेल, पट्टीवर काळा चष्मा. आत्याबाई सोनलला घेऊन मागं. ओढ्यात उतरताना मी दुसरा टाकला. चढणीला त्यांनी हात वर केला की मी गिअर बदलायचे. वाटेत काजूच्या झाडाखाली एका ट्रकवाल्यानं थांबून रस्ता दिला आणि बाई चालवतेय म्हणून वळून वळून बघत राहिला. मामंजी मध्येच माझ्याकडं मान वळवायचे, तोंड उघडायचे, आणि म्हणायचे, "पुढं खड्डा आहे." बऱ्याचदा खड्डा नसायचा.

स्टेशनात शिरलो तेव्हा स्पेशल उभी होती. प्लॅटफॉर्मभर हिरवे कपडे, चहाच्या बादल्या, ट्रंका. एवढ्या सगळ्या सारख्या दिसणाऱ्या माणसांत मला आधी काहीच सापडेना. मग एक माणूस डब्याच्या पायरीवरून उडी मारून पळत आला आणि माझ्यासमोर थांबला. मी सोनलला पुढं केलं. हणमंतरावांनी तिला कसं धरायचं हे न कळून दोन्ही हात पुढं केले, तबक धरल्यासारखे. तिनं त्यांच्या मिशीकडं गंभीरपणे बघितलं आणि मग ती मुठीत पकडली. आत्याबाई डोळे पुसत डबा उघडायला लागल्या. खिडक्यांतून त्यांचे सोबती डोकी बाहेर काढून बघत होते.

लेकीचा ताबा मिळवून झाल्यावर हणमंतरावांनी वडिलांच्या पायांना हात लावला. "आबा, आलात कसे? संप आहे ना?"

"जीपनं."

"चालवली कुणी?"

"तुझ्या बायकोनं. आणि सकाळी क्लचही तिनंच खोलला."

हणमंतराव माझ्या हातांकडं बघायला लागले. नखांत अजून काळं होतं. मी हात पदराखाली घेतले.

"क्लचला काय झालं?"

मी घाईघाईनं म्हणाले, "काही नाही, रबर जुनं झालं होतं."

"जुनं कसलं," मामंजी म्हणाले. "गेल्या वर्षीच नवं घातलं होतं. मी क्लचच्या टाकीत इंजिन ऑइल ओतलं."

हणमंतराव बघतच राहिले. खिडकीतला एक हवालदारही.

"डोळ्यानं दिसत नव्हतं," मामंजी म्हणाले, "आणि दिसत नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं. उजवा डबा घेतला, डावा समजून."

"जरा मोठ्यानं बोला," आत्याबाई म्हणाल्या. "मागच्या डब्यात ऐकू गेलं नसेल."

खिडक्यांतून हशा उठला. मामंजीही हसले, पण बोलायचे थांबले नाहीत. "सकाळी तिनं बंद गाडीत गिअर टाकून दाखवले, तेव्हाच मला तो डबा आठवला. मग तिनं पाण्यात थेंब टाकताना बघितलं आणि मी पाठ फिरवली. मला वाटलं, आता ही बोलणार. नाही बोलली. सबंध वाट मी तेच बघत होतो. आता बोलेल, मग बोलेल."

"काय बोलणार होते मी?" मी म्हणाले.

"मी असतो तर बोललो असतो," मामंजी म्हणाले.

हणमंतरावांनी सोनलला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग ते माझ्याजवळ आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी माझा हात पदराखालून बाहेर काढला, बोटं उलटीपालटी करून बघितली आणि एवढंच म्हणाले, "आसामात असली गाडी बिघडली तर तुलाच बोलवून घेतो."

शिट्टी झाली. आत्याबाईंनी डबे, लाडू, भाजणी, सगळं खिडकीतून आत कोंबलं. सोनलची मूठ मिशीतून सोडवायला दोघे लागले. गाडी हलली. हणमंतराव पायरीवर उभे राहून बराच वेळ हात करत होते, आणि त्यांच्या खिडकीतले दोन-चार जण मामंजींना सॅल्यूट ठोकत होते. मामंजींनी ताठ उभं राहून तो घेतला, काळ्या चष्म्यासकट.

परत निघालो तेव्हा ऊन कलत होतं. उसाच्या फडांवरून गार वारा यायला लागला होता. शिनोळीच्या पुढं गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की मामंजींचा हात बराच वेळ वर झालेला नाही. मी तिरक्या नजरेनं बघितलं. मान छातीवर पडली होती, टॉवेल नाकापर्यंत घसरला होता, आणि चांगलं मोठ्यानं घोरणं चाललं होतं.

मागून आत्याबाई पुढं वाकल्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हातात गाडी असताना हे झोपलेले मी आजवर बघितले नाहीत. हळू घे."

मी हळू घेतली.

"झोपलेलो नाही," मामंजी डोळे मिटूनच म्हणाले. "गाडी ऐकतोय."

"बरं," आत्याबाई म्हणाल्या. "काय म्हणतीय?"

पुन्हा घोरणं सुरू झालं, आणि गावाकडची गाडीवाट येईपर्यंत ते थांबलं नाही.